तरत्या जागेचा पत्ता

मा. अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क,
परभणी की हिंगोली, ते तुम्हीच ठरवा.
येलदरीच्या भिंतीपासून निघते तेव्हा माझी बोट परभणीत असते
आणि इंजिन तापेतोवर
हिंगोलीच्या पाण्यात शिरलेली असते.
मध्ये कुठं पाटी नाही.
टिटव्यांनाही विचारून झालं.

मी द्वारका मुंजाजी कचरे.
बोट बारा माणसांची, नाव पूर्णामाय.
तुमचा फॉर्म जागेची चतुःसीमा मागतो,
म्हणून लिहिलं:
पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी,
उत्तरेस पाणकावळा, तोही उडून जातो.
बाबू हसले नाहीत.
'अर्ज अपूर्ण' असा शिक्का मारला.

कायद्यात जागा म्हणजे चार भिंती, एक दार,
दाराला कुलूप.
साहेब, लिहिणाऱ्याला पोहता येत नसावं.

मग म्हणाले, देवळापासूनचं अंतर दाखवा.
कोणत्या देवळापासून?
काठावरचं नवं, ऑइलपेंटचं,
की खालचं?
जुन्या गावाचा मारुती अजून तिथंच बसलाय,
सहा परस पाण्याखाली.
रोज दोनदा त्याच्या डोक्यावरून जाते मी.
आडवं मोजलं तर शून्य.
उभं मोजायला तुमचा टेप भिजवावा लागेल.

आईचंही सांगायला पाहिजे.
गावात मतदान झालं, उभी बाटली की आडवी,
तेव्हा आई आडवीच्या बाजूनं घरोघर फिरली,
गयाबाईच्या दारात तर तीनदा.
दुकानाला सील लागलं त्या रात्री
पीठ संपलं तरी ती परातीत हात फिरवत होती.
तीच आता साक्षीदार म्हणून अंगठा देत नाही.
"आमी आडवी केली,
अन् तू ती पान्यावर उभी करायलीस व्हय?"

मला उत्तर आलं नाही.
मी तिला पोतं दाखवलं.
मागच्या उन्हाळ्यात गाळातून वेचलेल्या
एकशे सत्तेचाळीस बाटल्या, निम्म्या फुटक्या.
आसारामकाकाच्या टाचेला सात टाके पडले,
ते पोत्यात मावले नाहीत.

पिणारे येतातच, साहेब.
पाण्याच्या जारमध्ये, लेकराच्या वॉटरबॅगेत घेऊन येतात.
मी नाही म्हटलं की पलीकडून
बिनजॅकेटच्या होडक्यात बसतात.
मला परवाना द्या,
मी मोजून देईन, मोजून थांबवीन,
रिकामी बाटली हिशोबानं काठावर आणीन.
कायद्यात 'जागा' लिहिलंय तिथं पुढं
'किंवा बोट' एवढंच घाला.
दोन शब्द.
आमदारसाहेब म्हणाले, अधिवेशनात मांडतो.
ते अधिवेशन संपून पाण्यावर तीनदा बदकं येऊन गेली.

तुमचे निरीक्षक मात्र आले, रविवारी, साध्या कपड्यांत.
भिंत दिसेनाशी झाली तेव्हा
पिशवीतून काढली, बूच दातानं उघडलं,
म्हणाले, "इथं कोणतं ठाणं लागतं?"
म्हटलं, इथं फक्त वारा लागतो.
पावती मागायची राहिली.

आता मे आहे.
पाणी मागं सरलं, पूर्णामाय गाळात कलती पडली आहे,
अन् पहिल्यांदाच तिला पत्ता आहे:
सर्व्हे नंबर एकशे चौदा, बुडीत,
जिथं माझ्या आज्यानं जाळी वाळत घातली.
चतुःसीमा पक्क्या. पूर्वेस बाभळीचं खोड,
पश्चिमेस कुणाच्या तरी घराचं जोतं.
देऊळही वर आलंय, शेंदूर धुतला गेलेलं.
आई सकाळीच तेलाची वाटी घेऊन गेली
आणि येताना माझ्यासाठी पावलं मोजत आली,
बोटीपर्यंत एकवीस.

नियमात बसत नाही.

तरी पाणी यायच्या आत एकदा या.
पायांत बूट घालून या.