दोनशेपाच पन्नास, आर सोळा

मुर्तुझाभाईंच्या दुकानात, नाना पेठेत,
टायरांची उतरंड थेट छताला टेकलेली.
मी खाली उभी, पर्समध्ये ड्युरोमीटर:
रबराचा कडकपणा मोजणारं, खिशातल्या घड्याळाएवढं यंत्र.
कंपनी बंद पडली त्या संध्याकाळी
टेबलाच्या खणातून उचललं होतं.
तेवढीच माझी ग्रॅच्युइटी म्हणा.

"मुलासाठी बघताय, मॅडम?"
नाही हो, माझीच आहे.
दोन दारांची, दोन माणसांची, तेरा वर्षं जुनी,
बाणेरच्या एका घटस्फोटात स्वस्तात सुटलेली.
छत उघडतं; मिटताना रुसतं.
सोसायटीचा स्पीडब्रेकर तिला तिरका घ्यावा लागतो,
चिखलात साडीचा काठ उचलून धरावा तसा.

आधी त्यांनी जर्मन दाखवला.
किंमत ऐकून मी म्हटलं, चहा छान झालाय.
मग एक अनोळखी, निम्म्या दरात,
बाजूला लाल पट्टी, नावात वाघ की बिबट्या काहीतरी.
यंत्राची सुई टोचली: एकाहत्तर.
भाई, हा वाघ नाही, ही पाटी आहे.
ऐंशी हजार किलोमीटर चालेल
आणि पहिल्याच ओल्या वळणावर मला विचारेल,
आपण कोण?

सत्तावीस वर्षं मी रबर दाबत आले, भोसरीच्या लॅबमध्ये.
काजळी, गंधक, सिलिका, जरासं तेल.
कणकेचंच शास्त्र: सैल मळलं की चिकटतं,
घट्ट मळलं की वातड.
पकड हवी तर झीज सोसायची,
एवढ्या एका बाबतीत
घासाघीस चालत नाही.

तळमजल्यावरचे करमळकर म्हणतात,
"लक्ष्मी रोडनं ताशी आठच्या वेगानं जायचं,
त्याला इतकं रबर कशाला?"
बरोबरच आहे त्यांचं.
बोपदेव घाटात पहाटे साडेपाचला
तिसऱ्या वळणावर मागचं चाक सरकतं,
फार नाही, अर्धी वीत,
आणि पोटात कुठेतरी स्टीलचा चमचा पडतो,
ते त्यांना कसं सांगणार.

जुन्या टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती.
बाजूचा आकडा: एकोणिसावा आठवडा, सोळा साल.
नक्षी शाबूत असून रबर मेलेलं असतं
हे मी रिपोर्टात शेकडो वेळा लिहिलंय.
शेरा: नापास. सही: व. द. आगाशे.

तिसरा मागच्या खोलीतून आला.
थायलंडचा माल, कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेला,
चौदा महिन्यांचा, सावलीत ठेवलेला.
सुई चौसष्टवर थांबली.
नख रुतवलं, ते रुतलं आणि खूण भरून आली.
खरबुजाचा घेतात तसा वास घेतला.
मुर्तुझाभाईंनी तेवढ्यात
उगाच कॅलेंडरकडे बघितलं.

"पुढचे दोन आत्ता न्या, मागचे दिवाळीला."
नको.
पुढची चाकं धरून ठेवतात
आणि मागची सुटत जातात,
तो संसार करून झालाय माझा.
चारही द्या. एकाच आठवड्याचे.

सोफ्यासाठी ठेवलेले पैसे होते.
सोफा काय, अजून दोन वर्षं बसू देईल.
त्यांनी साडेआठशे सोडले, व्हॉल्व्ह नवे टाकले,
आणि निघताना दोनदा बजावलं:
साच्याची तेलकट साय असते वर,
पहिले दीडशे किलोमीटर जपून.
मला ठाऊक होतं. तरी ऐकून घेतलं.

क्वार्टर गेटला सिलिंडरच्या टेम्पोमागे
ताशी अठरा.
शाळेचा एक पोरगा सायकलवरून पुढे गेला,
वळून बघून हसला.
चाकांवर रबराचे बारीक केस अजून तसेच,
न काढलेलं जावळ.
मी हॉर्न वाजवला नाही.
फक्त उजवा पाय
चपलेत जरासा
चवड्यावर उभा राहिला.