आवाजात बदल

गुलटेकडीला माझा दवाखाना, मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकासमोर.
सकाळी दहाला हमाल येतात कंबर धरून,
खांद्यावर कांद्याची सालपटं चिकटलेली,
आणि बसायच्या आधी खुर्ची पुसतात.
कितीदा सांगितलं, पुसू नका.

जूनपासून टेबलावर एक चपटी वस्तू आहे,
काड्यापेटीहून जराशी मोठी, हिरवा दिवा.
मुलाने बसवून दिली. म्हणाला, आई, तू फक्त बोल,
ही ऐकेल, ही लिहील.
लिहिते खरी. आमचं मराठी ऐकते
आणि सुबक इंग्रजीत केसपेपर तयार.
उसण भरली, मुंग्या येतात, जीव घाबरा होतो,
सगळ्याला तिच्याकडे शब्द आहे.
पोरगी नांदायला जात नाही, याला नाही.
ते ती गाळते.

चोवीस वर्षं मान खाली घालून लिहीत आले.
आता हात मोकळे, मान वर,
आणि समोरच्या माणसाकडे इतका वेळ बघायचं कसं
हे एक्कावन्नाव्या वर्षी शिकतेय.

लिंबाजी कोंढरे, मूळ गाव मुळशीकडचं, हमाली.
पहिल्यांदा त्याने दिव्याला नमस्कार केला.
मग त्याच्याकडे वाकून, मोठ्याने,
गावाकडे फोन लावल्यासारखा म्हणाला,
"तंबाखू सोडली. पार सोडली."
आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.
तळव्यावर चुना अजून ओला.
मी हसले.
कागदावर उमटलं, तंबाखू: नाही.
खोडलं नाही मी.
म्हटलं, एवढं तरी आमच्या दोघांत राहू दे.

ऑगस्टमध्ये आला. ऑक्टोबरमध्ये मेथीची जुडी घेऊन आला,
धाकट्याला आयटीआय मिळाल्याचं सांगितलं,
तोलणाऱ्याची हुबेहूब नक्कल केली,
मी डोळे पुसेपर्यंत हसले.

त्या संध्याकाळी केसपेपर चाळताना
त्याच्या नावाखाली एक ओळ, मी न विचारलेली:
आवाजात बदल. तीन भेटींत वाढता घोगरेपणा.
घशाची तपासणी व्हावी.

पंखा बंद केला. रेकॉर्डिंग लावलं.
जून. ऑगस्ट. ऑक्टोबर.
पुन्हा जून.
होतं. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं होतं.
मी त्याचं बोलणं ऐकत होते,
आवाज ऐकायचा राहून गेला.

नसीमने शटर अर्धं ओढून विचारलं, निघायचं ना?
राग आला होता मला, कुणाचा ते लागेना.
ज्याला आम्ही मिळून फसवलं
त्यालाच नेमकं ऐकू आलं होतं.
मी मेथीची जुडी उचलली, परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी निरोप धाडला.
गाडी अर्धी रिकामी टाकून आला. खुर्ची पुसली.
मी दिवा बंद केला.
"का वो, बिघडलं का?"
"नाही. आ करा."
बॅटरीच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढं दिसलं,
म्हणजे काहीच नाही.
ससूनची चिठ्ठी हाताने लिहिली, कान-नाक-घसा,
अक्षर माझं मलाच ओळखेना.

चिठ्ठीकडे न बघता त्याने विचारलं,
"त्याला ठावं हाये का, मी खोटं बोल्लो?"
नाही, म्हटलं.
खिशावर हात ठेवून बसून राहिला.
बाहेर टेम्पो मागे येत होता, कुणीतरी ओरडत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास.
"मंग सांगून टाका."

मी दिवा लावला.
तो वाकला, खाकरला,
काही फुटेना. माझ्याकडे बघितलं.
मग मीच सांगितलं. दिवसाला किती पुड्या, किती वर्षं.
तो आकड्यांना मान हलवत राहिला,
एकदा बोटांनी दुरुस्ती केली, चार नाही, सहा.

सोमवारी मीही येते ससूनला,
हे ओठांपर्यंत आलं होतं.
सोमवारी माझी सगळ्यात मोठी ओपीडी असते.

उठला. चिठ्ठीची चार घड्यांची पुडी करून
त्याच खिशात घातली,
आणि जाताना खुर्ची पुन्हा पुसली.