सरळ रेषेत

जन्माची जागा, थांबली ती जागा,
मधलं अंतर सरळ रेषेत मोजायचं.
वहीचा नियमच आहे तसा.
शेऱ्याला बोटभर रकाना.

सात नंबरची कोल्हीण,
सुकीच्या काठी, करंजाखालच्या बिळातली:
एक किलोमीटर नऊशे मीटर.

तिच्याच वयाचा एक, पालच्या डोंगरातला,
पट्टा बांधल्यावर तिसऱ्या दिवशी निघाला
तो बेचाळीस किलोमीटरवर, मध्यप्रदेशात.
त्याची नोंद करायला मजा आली.
हिच्यापाशी पेन अडलं.

नेहेतेभाऊ म्हणाले, "कुठी जाईन ती?
अठी पाट, अठी उंदरं,
कोंबडीवाल्याची घान रोज ताजी.
पोट भरलं तं कोन जातं सोडून?"
असेलही.
त्यांच्याच बागेतली केळी मात्र
सावद्याहून दिल्लीला जातात,
हिरवी असतानाच.

पण मी आणि सुभान तडवी
अकरा रात्री अँटेना धरून,
ठिबकच्या नळ्यांत पाय अडकत
तिच्या मागे फिरलो आहोत.
अंधार पडला की ती उत्तरेला निघायची,
डोंगराच्या बाजूला.
रस्त्यापाशी यायची.
ट्रक, ट्रक, केळीची गाडी, ट्रक.
बसायची. टिप् टिप् एकाच जागी.
मग जाळीच्या कडेकडेने
शीतगृहाच्या भिंतीपर्यंत. परत.
नव्या प्लॉटांपर्यंत,
जिथे घरं नाहीत अजून, दिवे मात्र लागलेत.
परत.
सुभान म्हणाला, आज बारा किलोमीटर झाले हिचे.
आमचेही झाले होते.

बाराव्या रात्री ती निघालीच नाही.
नेहेत्यांच्या पिलबागेत,
जिथे पील आईच्या बुंध्यालाच फुटतं
आणि आई कापून टाकतात,
तिथे वाळल्या पानांखाली तिने माती उकरली.
टिप् टिप् तिथूनच,
पहाटेपर्यंत.

शेऱ्यात मी "रस्ता" लिहिलं, खोडलं.
"उंदीर" लिहिलं.
तेही खोडलं.
आकडा तेवढा वर पाठवला.
वरून आलं: छान, नकाशावर नीट बसतो.

माघात एकदा ती ओरडली.
आम्ही पाटाच्या पुलावर बिड्या ओढत होतो.
लांबवर, रस्त्यापलीकडून,
कोणीतरी उत्तर दिलं.
ती पुन्हा ओरडली.
मग गाड्यांची रांग लागली,
आणि सुभान, सवयीने,
ट्रक मोजत राहिला.