वीस फुटी नळी

डोलोरेस प्रेबिलच्या वखारीत लोखंड उभं नसतं,
आडवं पडून असतं, वीस-वीस फूट,
टोकांना रंग फासलेले: निळा, पिवळा,
आणि एक गुलाबी, ज्याचा अर्थ
फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होता. तो गेला.

एप्रिल. एव्हलेथला रस्त्याच्या कडेला
अजून काळपट बर्फाचे ढिगारे.
माझ्या खिशात चौकटीच्या कागदावर
तीन पायऱ्यांचा घोडा:
वरच्या पायरीवर पाण्याचं पातेलं,
मधल्या पायरीवर भिजवलेले जव,
खाली उकळणारा गोड काढा.
वरचं आपोआप खाली उतरेल,
पंप नको, वीज नको, कुणाची मिनतवारी नको.
अख्खा हिवाळा तो कागद गिरवला मी.
प्रत्येक कापामागे एक सूत सोडलं
करवतीच्या तोंडी.

‘दोन इंची चौकोनी, चौदा गेज,’ मी म्हणालो,
रोज घेणाऱ्याच्या आवाजात.
‘चार नळ्या.’

तिने कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.
‘कशाला?’
‘बिअरसाठी. घरची.’
हसली नाही. कागदासाठी हात पुढे केला,
आधी उलटा धरला, मग सुलटा.
‘वरचं पातेलं किती उंचावर?’
‘सहा फुटांवर.’
‘आणि तुम्ही?’
‘पाच-आठ.’
‘पंधरा गॅलन. वर कोण ढवळणार? कोण वाकून बघणार?’

उजवा खांदा मी हलवला नाही.
सव्वीस वर्षं खाणीत घातलेला खांदा
न हलवताही दिसत असावा.
‘स्टूल घेईन,’ म्हणालो.
‘उकळत्या पाण्याशेजारी?’

आत कुणाची तरी करवत चालू होती.
ती थांबेपर्यंत मला बोलायचं नव्हतं.
ती थांबली, तरी नव्हतं.

मग डोलोरेस गुडघ्यावर बसली, सत्तरीची बाई,
आणि शंखजिऱ्याच्या कांडीने फरशीवर ओढलं
एक लांब बाकडं, कमरेइतकं उंच,
तिन्ही पातेली एका रांगेत,
बस थांब्यावर बसलेल्या बायांसारखी.
‘पंप घ्या. दोन नळ्यांत भागतं.’

दोन नळ्यांचं गिऱ्हाईक
तिने आपल्याच हाताने पुसलं.
आणि राग मला आला.

मी तुकड्यांच्या ढिगाकडे गेलो, उगाच.
एक चकचकीत पाइप उचलला, स्वस्तातला.
मागून आवाज: ‘ते नको, जस्त आहे त्यावर.
धूर छातीत बसेल, रात्रभर हुडहुडी भरेल.’
‘माहीत आहे,’ मी म्हणालो.
तेवढं खरंच माहीत होतं.

या गावाखालची लाल माती
मीच ट्रकात भरून आगगाडीला घातली,
पुढे सरोवर, जहाजं, कुठकुठल्या भट्ट्या.
आता तीच, किंवा दुसरी कुठली,
फुटाच्या भावाने परत घेतोय,
अंगाला तेल, टोकाला चिठ्ठी,
चिठ्ठीवर न वाचता येणारी अक्षरं.
बोटं काळी झाली. पूर्वी लाल व्हायची.

‘कुठे कापू?’
‘मधोमध.’
दहा-दहाचे चार तुकडे, गाडीबाहेर हातभर,
शेपटाला तिने लाल चिंधी बांधली.
पावतीवर माझं आडनाव न विचारता लिहिलं,
हाकाला, बरोबर.
आणि वर एक फूटभर तुकडा ठेवला, गुलाबी टोकाचा.
‘याचा गेज मला माहीत नाही.
आधी यावर हात बसवा.’

घरी बाकीचं उतरवायच्या आधी
तोच तुकडा घासला, कॅलिपर लावला.
अकरा गेज.
पुन्हा लावला. अकरा.

एल्सीने खिडकीतून विचारलं, ‘पायऱ्या कुठायत?’
मी म्हणालो, ‘चाकं विसरलो.
उद्या परत जावं लागणार.’