पहिली बारा पानं

काय वाचताय, असं आमच्यात कुणी विचारत नाही.
कुठवर आलात, असं विचारतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पेठेत,
बिरादारांच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते.
माझ्या खणात, पावतीबुकांच्या खाली
एक पुस्तक असतं.
असतं म्हणजे, कधी असतं, कधी फिरतीवर.
त्याला पुठ्ठा नाही. पहिली बारा पानं नाहीत.
महापुराचं पाणी ज्या साली खणापर्यंत चढलं
त्यानं तेवढी ठेवून घेतली, बाकीचं परत दिलं.

म्हणून नाव माहीत नाही. लिहिणाऱ्याचंही नाही.
तेराव्या पानावर अर्धंच वाक्य सुरू होतं:
'दिवा घेऊन तसाच परत फिरला.'
कोण, कशासाठी, ते पुढं कळतं,
थोडं थोडं.

तोलार हाशम पेंढारी त्याला 'विहिरीचं' म्हणतो.
पोती शिवणारी शेवंता, 'त्या पोराचं'.
आमचे मालक नऊ पानं वाचून म्हणाले, 'ते जाडजूड'.
बाळगोंडा हमालानं अजून काही नाव दिलेलं नाही.
ट्रक भरून झाला की तो थप्पीवर चढून बसतो,
ओळीखाली बोट सरकवत वाचतो
आणि बोट उचललं की तिथं पिवळा ठसा उरतो.

आता ठसेही वाचता येतात मला.
हाशमचा अंगठा रुंद, एका कडेला चिरलेला.
शेवंताचा बारीक, सुईनं टोचून टोचून खडबडीत झालेला.
सत्तेचाळिसाव्या पानावर तर नुसती गर्दी,
तिथं सगळेच थांबले होते,
काहीजण दोनदा.
अठ्ठ्याऐंशीव्यावर मात्र एकही डाग नाही.
ते पान प्रत्येकानं कोपऱ्याला धरून उलटलंय.
मीसुद्धा.

पूर्वी इथले सौदे रुमालाखाली व्हायचे.
बोट दाबायचं, भाव कळायचा, तोंडानं काही नाही.
हाशमनं पुस्तक दिलं ते तसंच,
टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवलं, म्हणाला, "बघा."
चांगलं आहे म्हणाला नाही, वाचाच म्हणाला नाही.
पण पुढं आठ दिवस
काट्यावरनं वजनं ओरडून सांगताना
मध्येच आवाज उतरवायचा:
"साडेबावन्न... विहीर आली का वो?"

गेल्या शनिवारी विश्रामबागेत
लेकीसाठी कंपासपेटी घ्यायला गेले,
तर मागच्या फळीवर एक अनोळखी पुस्तक,
कोरं, निळ्या पुठ्ठ्याचं.
सहज मधनं उघडलं
आणि विहीर दिसली.
पान इतकं पांढरं, की आधी ओळखच पटेना.
नाकाजवळ नेलं, तर नुसता कागदाचा वास.
मग पहिलं पान काढलं आणि उभ्या उभ्या
बाराही वाचली.
दुकानदार दोनदा खोकला.
किंमत बघून मी ते होतं तिथं ठेवलं.
कंपासपेटी विसरले, परत जावं लागलं.

सोमवारी हाशमला सांगितलं.
पोतं काट्यावर ठेवता ठेवता तो तसाच वाकून राहिला.
मला वाटलं, आता नाव विचारेल.
नाव नाही विचारलं.
"त्या पोराच्या आईला नाव हाय का वो त्यात?"
पुढच्या सगळ्या पुस्तकात ती नुसती 'ती' आहे.
भाकरी ती करते, दार ती लावते, जाते तीच.
म्हटलं, "आहे."

त्यानं हळदीनं माखलेला पंजा आडवा धरला,
माझ्या तोंडासमोर.
"आत्ता नगा सांगू.
बाळगोंडा अजून साठाव्यावर हाय."

वर थप्पीवर बोट सरकत होतं.
खाली काटा हलायचा थांबला.
"एक्कावन्न चारशे," हाशम म्हणाला.
मी लिहून घेतलं.