तोर्घ्वाच्या अंगणात दोन कुत्र्या

तोर्घ्वाने दोघींना माझ्यापुढे आणलं
आणि स्वतः मेंढीच्या कातड्यात चीज भरायला निघून गेला.
त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला एकटं सोडलं
की ते स्वतःशीच घासाघीस करतं.

पिल्लू नऊ आठवड्यांचं. मादी.
पोट मठ्ठ्याने तट्ट,
पंजे कुणाकडून उसने आणल्यासारखे मोठे.
माझ्या बुटाची नाडी दातात धरून
ते अख्ख्या तुशेतीला खाली ओढून नेणार होतं.

दुसरी ताल्घा. पाच वर्षांची. बसून होती.
डाव्या कानामागे लांडग्याच्या दातांची शिवण,
थानं दोन वेतांनी ओघळलेली.
तिने माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि मग माझ्या मागच्या उताराकडे,
जिथे पाहण्यासारखं खरंच काहीतरी असतं.

आमची शेवटची कुत्री गेल्या शरदात
अबानोच्या खिंडीत गेली, लॉरीखाली.
जोकोलाने चाळीस वर्षं जपलेला वंश,
माझ्या हातात दोन वर्षंही टिकला नाही.
आता पुन्हा पहिल्यापासून.
आणि मी त्रेसष्टची.

पोराचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
दिसत असतील.
कुत्रीचे दिसतात दीड वर्षांनी,
तेलावीच्या डॉक्टरकडे, काळ्या फिल्मवर,
जिथे खुब्याची वाटी खोल असते
किंवा नसते.
तोवर तिला भाकरी घालायची, नाव ठेवायचं,
गारपिटीत आत घ्यायचं,
आणि एका सकाळी कळायचं,
ही राखण करील, पण हिची पिल्लं घ्यायची नाहीत.
माझ्याकडे अशी एक होती. तेरा वर्षं जगली.
मी तिला कधी बोल लावला नाही.
तोंडाने नाही.

ताल्घाचं सगळं उघड्यावर.
खुबे पाहिलेले, जबडा पाहिलेला.
पहिल्या वेतात सहा, दुसऱ्यात आठ,
झोपेत एकाही पिल्लावर कूस वळली नाही तिची.
अस्वल आलं त्या रात्री भुंकली कमी, पुढे गेली जास्त.
मी पैशांच्या पुरचुंडीला हात घातला होता,
खोटं का सांगू.

तेवढ्यात तोर्घ्वा हात पुसत आला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"यंदा दोनदा नर दाखवला.
राहिली नाही."

हे त्याने सांगायची गरज नव्हती.
आम्ही तिघी गप्प. पिल्लूसुद्धा,
म्हणजे नाडी तोंडात होती म्हणून.

माणसाला वाटतं, जे मोठं झालंय ते कळलंय.
मीही पस्तिसाव्या वर्षी सगळ्यांना कळलेली होते,
तीन पोरांची आई, हात लावीन तो कळप वाढायचा,
आणि पुढच्याच हिवाळ्यात अंग कोरडं पडलं माझं.
तेव्हा कुणी मला विकायला काढलं नाही,
एवढंच.

"ही कुणाची?" मी नाडी सोडवत विचारलं.
तो ताल्घाकडे हनुवटी करून म्हणाला,
"हिच्या लेकीची."

मग मी खाली बसले, गुडघे कुरकुरले,
पिल्लाच्या ओठाची कड वर केली,
आणि तसंच ताल्घापाशी जाऊन तिचीही केली.
तिने करू दिली. तोच जबडा,
एकात काय व्हायचं ते, एकात होऊन गेलेलं.
खुब्यांचं मात्र आजीलाही सांगता येत नाही.

भाव एका मेंढीवर आणि चीजच्या दोन पिशव्यांवर ठरला.
मी म्हटलं, हिवाळाभर ताल्घाही दे, हिला शिकवायला.
तो हसला. देणार नव्हताच.
दीड वर्ष, मग फिल्म, मग एक माज सोडून द्यायचा,
बोटं मोडत मी पासष्टपर्यंत आले
आणि मोजणं थांबवलं.

जोकोलाच्या लोकरीच्या नबदीत तिला गुंडाळून निघाले.
पहिल्या वळणाआधीच तिने आत मुतलं.
मागे वळून पाहिलं,
तर ताल्घा आमच्याकडे बघत नव्हती.
ती उताराकडे बघत होती.