अंगठा

मुकुंद चुरीला मी पंच्याहत्तर हजार दिले
एक्सरेच्या पाकिटात घालून,
माहीमच्या बसस्टॉपवर, उभ्या उभ्या.
पाकिटावर माझ्याच गुडघ्याचा नंबर होता.
त्यानं मोजले नाहीत. मी मोज म्हटलं नाही.
"गणपतीच्या आत," तो म्हणाला,
आणि कुठल्या गणपतीच्या
हे विचारायची रीत आमच्यात नव्हती.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा.
लालबागच्या मसालेवाल्यांचे काटे
माझ्या हातून पासिंगला जातात.
पाच ग्रॅम इकडचं तिकडं झालं
तर मी काटा पुन्हा उघडतो.
बायको हेच म्हणते.
रोज नाही, पोळी वाढताना.

तीन गणपती गेले.
तो भेटतो. तोंड चुकवत नाही, हे वाईट.
चुकवलं असतं तर मला रागावता आलं असतं.
गुडघ्याची चौकशी करतो,
चहाचे पैसे देतो,
सुट्टे परत घेताना नीट मोजून घेतो.

वकीलबाई बसतात भोईवाड्याला,
झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर.
म्हणाल्या, तोंडी करार हाही करारच,
फक्त त्याला तोंडं दोन असतात.
साक्षीदार?
स्टॉपवर एक बाई होती, मटारची पिशवी घेतलेली.
नाव?
मी गप्प.
मुदत तीन वर्षं, जूनमध्ये संपते.
"त्याच्याकडून काहीतरी लिहून घ्या,
मेसेजही चालेल. पण गोड लिहा."

रात्री दीड वाजेपर्यंत मी गोड लिहीत बसलो.
"मुकुंदा, तू घेतलेले ते पंच्याहत्तर हजार
जमेल तसे दे. घाई नाही."
घाई नाही खोडलं. पुन्हा घातलं.
दोन निळ्या खुणा आल्या,
आणि सकाळी
एक अंगठा. पिवळा, वर केलेला.

वकीलबाईंनी चष्मा बदलून पाहिला.
होकार म्हणता येईल, म्हणाल्या,
नुसती पोचही म्हणता येईल.
आमच्या नाक्यावर याला
अंगठा दाखवणं म्हणतात, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
प्रिंट काढा, दोन प्रती.

खाली मशीन गरम होईपर्यंत
मला आईचा अंगठा आठवला.
बाबा गेल्यावर पोस्टात
तिचा हात थरथरत होता, शाई पसरत होती,
कारकून तिसरा फॉर्म द्यायला तयार नव्हता.
मुकुंदानं तिचा अंगठा धरला,
लहान मुलाचा धरावा तसा,
एकदाच टेकवला. रेघ न् रेघ उठली.
मी मागे रांगेत उभा राहून रडत होतो.
शाई त्यानं आपल्याच शर्टाला पुसली.
त्याचं कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

शनिवारी खात्यात एक रुपया आला.
पाठोपाठ मेसेज: "नंबर बरोबर आहे ना, बघतोय."
मग काही नाही. तो आठवडा, पुढचा आठवडा.

वकीलबाई मात्र खूश.
थोडी का होईना, परतफेड. आता नाही कसं म्हणेल?
मी पासबुक भरून आणलं.
मुकुंद त्र्यंबक चुरी, जमा, एक.
त्र्यंबककाकांचं नाव असं मशीननं छापलेलं पाहून
मी पासबुक मिटलं.

बायकोनं उघडलं.
दुधाच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं वजाबाकी मांडली.
एवढ्याशा एकासाठी
तीन शून्यं ओलांडून
तिला पाचाकडून उसना घ्यावा लागला.